द्रवाचे गणित मांडणारा हैदराबादी : डॉ. अनीसुर रहमान



दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न विचारला जातो : हे शिकून पुढे काय मिळणार? प्रश्न गैर नाही. ज्या घरात महिन्याचा हिशेब पंचवीस तारखेलाच संपतो, त्या घराने हा प्रश्न विचारायचा नाही तर कोणी विचारायचा? परंतु या प्रश्नाचे उत्तर द्यायला मी एकदा चुकलो आहे, आणि आजचा हा लेख त्या चुकीची भरपाई म्हणून लिहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी एक पालक मुलाचा दाखला न्यायला शाळेत आले होते. मुलगा गणितात हुशार. वहीच्या मागच्या पानावर स्वतःच कोडी घालायचा आणि स्वतःच सोडवायचा. दहावीला गुणही चांगले पडले होते. वडील म्हणाले, सर, नुसत्या गणिताने पोट भरते का? याला गॅरेजमध्ये लावतो. मी बी. ए., बी. एड. झालेला, इतिहास आणि मराठी शिकवणारा माणूस. मला तेव्हा उत्तर सुचले नाही. दाखल्याच्या वहीवर त्यांची सही घेतली आणि दाखला देऊन टाकला.

पुढे आमच्या शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांकडून मला एका माणसाचे नाव कळले. ते नाव म्हणजे डॉ. अनीसुर रहमान. अनीस म्हणजे जिवलग सोबती. पदार्थविज्ञानाच्या जगात हे नाव आदराने घेतले जाते. आपल्या मोहल्ल्यात मात्र ते क्वचितच कोणी ऐकले असेल. म्हणून, वाचकहो, त्यांची ओळख मी आज आपणांस करून देतो. विषय अवघड आहे, पण मला समजला तेवढाच सांगेन. मला समजला म्हणजे आठवीच्या मुलालाही तो समजेल, याची खात्री बाळगा.

अनीसुर रहमान यांचा जन्म २४ ऑगस्ट १९२७ रोजी हैदराबाद शहरात झाला. त्या काळचे हैदराबाद म्हणजे निजामाच्या संस्थानाची राजधानी. आपला मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांतील मुले उच्च शिक्षणासाठी हैदराबादची वाट धरीत. तेथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले होते आणि उच्च शिक्षण उर्दू माध्यमातून देण्याचा मोठा प्रयोग तेथे चालू होता. गणित, रसायन, वैद्यक या विषयांचे ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी खास भाषांतर विभाग उघडला होता. आपल्या भाषेत शिकले तर विज्ञान येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास एकदा पाहावा.

अशा शहरात जन्मलेला हा तरुण पुढे इंग्लंडला गेला. केंब्रिज विद्यापीठात त्याने गणित आणि पदार्थविज्ञान यांचा अभ्यास केला. तेथून तो बेल्जियममधील लूवेन विद्यापीठात गेला आणि सैद्धांतिक पदार्थविज्ञानात त्याने डॉक्टरेट मिळवली. काळ कोणता होता तेही ध्यानात घ्या. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. मागे घरी सारे जुने जग बदलत होते आणि पुढे युरोप महायुद्धाच्या जखमांतून सावरत होता. अशा काळात परक्या मुलखात बसून गणिताची पाने भरायला मन किती स्थिर लागत असेल!

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ज्या शास्त्रात रहमान यांनी पुढे नाव कमावले, त्या शास्त्राचा अभ्यासक्रम त्यांच्या विद्यार्थिदशेत जगातल्या कोणत्याही विद्यापीठात शिकवला जात नव्हता. तशी पदवीच नव्हती. गणकयंत्रे नुकती कोठे जन्माला येत होती. म्हणजे हे शिकून पुढे काय मिळणार, असे कोणी रहमान यांना १९४८ साली विचारले असते, तर त्यांनाही सांगता आले नसते! त्यांच्याजवळ फक्त दोन गोष्टी होत्या : पक्के गणित आणि पक्के पदार्थविज्ञान.

१९६० साली ते अमेरिकेतील शिकागो शहराजवळच्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रुजू झाले. १९४२ साली शिकागोत एन्रिको फर्मी यांच्या नेतृत्वाखाली जगातील पहिली अणुभट्टी चालू झाली होती. त्याच कामातून ही प्रयोगशाळा १९४६ साली उभी राहिली. अणुभट्टीतून न्यूट्रॉन नावाचे सूक्ष्म कण मिळतात. हे कण एखाद्या द्रवावर सोडले की ते इतस्ततः विखुरतात, आणि ते कसे विखुरले यावरून द्रवातील अणू कसे हलत असावेत याचा अंदाज बांधता येतो. रहमान यांनी के. एस. सिंगवी आणि शोलांडर या शास्त्रज्ञांबरोबर याच विषयावर १९६२ साली निबंध प्रसिद्ध केला. सिंगवी हेही भारतीयच. परंतु अंदाज तो अंदाज. द्रवातले अणू प्रत्यक्षात कसे हिंडतात हे कोणी पाहिले होते?

वाचकहो, येथे थोडा विचार करा. वायूचे गणित त्या मानाने सोपे, कारण त्यातील अणू एकमेकांपासून दूर असतात. स्फटिकासारख्या घन पदार्थाचे गणितही जमते, कारण त्यातील अणू नमाजच्या सफीसारखे ओळीने, आपापल्या जागी उभे असतात. द्रव मात्र दोहोंच्या मध्ये. अणू एकमेकांना खेटून आहेत, पण कोणाची जागा ठरलेली नाही. शुक्रवार बाजारातील गर्दीच जणू! प्रत्येकजण दुसऱ्याला ढकलतो आणि स्वतःही ढकलला जातो. या गर्दीचे गणित कागदावर सुटत नाही.

रहमान यांनी ठरवले की हे गणित गणकयंत्राकडून सोडवून घ्यायचे. त्यासाठी त्यांनी अरगॉन हा वायू द्रवरूपात घेतला. प्रयोगशाळा आरगॉन आणि वायूही अरगॉन, हा निव्वळ योगायोग. प्रयोगशाळेचे नाव एका रानावरून पडले आहे. अरगॉन आपल्या हवेतही असतो, शंभरात जेमतेम एक भाग. जुन्या विजेच्या दिव्यांत तो भरीत असत. त्याचा अणू एकलकोंडा, कोणाशी संयोग न पावणारा. म्हणून हिशेबाला सोयीचा.

कॅरमचा पट डोळ्यांसमोर आणा. स्ट्रायकर सोंगटीवर आपटला की सोंगटी कोणत्या दिशेने आणि किती वेगाने जाईल, हे न्यूटनच्या नियमाने सांगता येते. आता असे समजा की सोंगट्या १९ नसून ८६४ आहेत. त्या सपाट पटावर नसून एका पेटीत चोहोबाजूंनी हिंडत आहेत. शिवाय त्या नुसत्या आपटत नाहीत : फार जवळ आल्या तर एकमेकींना दूर लोटतात आणि थोड्या लांब गेल्या तर जवळ ओढतात. रहमान यांनी घेतलेली पेटी अशीच होती, पण तिची बाजू एका मिलिमीटरच्या सुमारे तीन लाखाव्या भागाएवढी. त्या पेटीत ८६४ अणू. तापमान शून्याखाली जवळजवळ १७९ अंश सेल्सिअस.

पेटी एवढी लहान की बरेचसे अणू भिंतीलाच चिकटलेले असायचे, आणि मग ते खऱ्या द्रवासारखे वागले नसते. त्यावर उपाय असा : पेटीच्या उजव्या भिंतीतून जो अणू बाहेर जाईल तो त्याच क्षणी डाव्या भिंतीतून आत येईल. म्हणजे भिंत आहे आणि नाहीही. संख्या कायम, आणि द्रव अथांग!

आता हिशेब पाहा. ८६४ अणूंच्या जोड्या लावल्या तर त्या ३,७२,८१६ भरतात. विद्यार्थी मित्रहो, ८६४ ला ८६३ ने गुणून दोनने भागा, म्हणजे पटेल. कोणती जोडी किती जवळ आहे ते पाहायचे, जवळच्या अणूंचे बल काढायचे, त्यावरून प्रत्येक अणूचा नवा वेग आणि नवी जागा काढायची. एवढे केल्यावर काळ किती पुढे सरकला? एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग करा आणि त्यातील एका भागाचे पुन्हा शंभर भाग करा. त्यातला एक भाग! मग तोच हिशेब पुन्हा. आणि पुन्हा. हातांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले तरी पुरे होणार नाही. त्यासाठी त्यांनी सी. डी. सी. ३६०० हे त्या काळचे बलाढ्य गणकयंत्र वापरले. आपल्या लोकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, याच जातीचे यंत्र १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही बसवण्यात आले आणि देशातील कितीतरी संशोधकांचे हिशेब त्यावर झाले.

१९६४ साली रहमान यांचा निबंध अमेरिकेतील फिजिकल रिव्ह्यू या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निबंधावर नाव एकट्या त्यांचेच होते. गणकयंत्राने दिलेली उत्तरे खऱ्या अरगॉनवर केलेल्या प्रयोगांशी जुळली. अणू द्रवात किती झपाट्याने पसरतात हे जुळले; एका अणूभोवती दुसरे अणू किती अंतरावर गोळा होतात हेही जुळले. शिवाय एक नवी गोष्ट दिसली. अणू पुढे धावतो, शेजाऱ्यांच्या कोंडाळ्यावर आदळतो आणि क्षणभर मागे परततो. गर्दीत वाट काढणारा माणूस जसा दोन पावले पुढे आणि एक पाऊल मागे जातो, तसाच. जुन्या सोप्या सूत्रांत हे मागे परतणे नव्हते.

सत्याला धरून हेही सांगितले पाहिजे की, गणकयंत्रावर कणांची हालचाल मांडण्याचा हा अगदी पहिला प्रयत्न नव्हता. बर्नी ॲल्डर आणि टॉम वेनराइट या दोघांनी १९५७ पासून ते काम आरंभले होते. पण त्यांचे कण गोट्यांसारखे टणक होते, नुसते आपटणारे. खऱ्या अणूंप्रमाणे ओढणाऱ्या आणि लोटणाऱ्या बलांनिशी खराखुरा द्रव गणकयंत्रात उभा करण्याचे श्रेय रहमान यांना जाते. आज ही पद्धत रेणूंची गतिकी या नावाने ओळखली जाते आणि अनेकजण रहमान यांना तिचे जनक मानतात.

यानंतर ते स्वस्थ बसले नाहीत. अरगॉनवरून ते पाण्याकडे वळले. पाणी दिसायला साधे, पण हिशेबाला महाकठीण. बेल प्रयोगशाळेतील फ्रँक स्टिलिंजर यांच्यासह त्यांनी २१६ रेणूंचे पाणी गणकयंत्रात उभे केले आणि १९७१ साली तो निबंध प्रसिद्ध झाला. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरतात, सोडतात आणि पुन्हा दुसऱ्याचा हात धरतात, ही हालचाल तेथे तपशिलाने अभ्यासता आली. १९७७ साली अमेरिकन फिजिकल सोसायटीने त्यांना अर्विंग लँगम्यूर पारितोषिक दिले. पुढे इटलीचे तरुण शास्त्रज्ञ मिकेले पारिनेल्लो यांच्याबरोबर १९८० आणि १९८१ साली त्यांनी पेटीच बदलून टाकली. आतापर्यंत पेटीचा आकार ठरलेला असे. आता आतल्या अणूंच्या दाबाने पेटी स्वतः लांब, आखूड, तिरपी होऊ लागली. त्यामुळे दाबाखाली एक स्फटिक दुसऱ्या रूपात कसा जातो हे गणकयंत्रात पाहता आले. ही रीत दोघांच्या नावाने आजही वापरात आहे.

१९८५ साली ते मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले. तेथील महासंगणक संस्थेशीही ते निगडित होते. परंतु आयुष्याची मुदत थोडी उरली होती. ६ जून १९८७ रोजी, वयाची साठ वर्षे पुरी होण्याआधीच, त्यांचे निधन झाले. पुढे अमेरिकन फिजिकल सोसायटीने संगणकीय पदार्थविज्ञानातील श्रेष्ठ कामगिरीसाठी त्यांच्या नावाने पारितोषिक सुरू केले. पहिले पारितोषिक १९९३ साली केनेथ विल्सन यांना मिळाले, ज्यांना १९८२ सालीच नोबेल मिळालेले होते. विचार करा, नोबेल विजेत्याने ज्याच्या नावाचे पारितोषिक स्वीकारले तो माणूस हैदराबादच्या गल्ल्यांतला होता!

या कामाचा आपल्याला काय उपयोग, असे कोणी विचारील. २०२० साली करोनाने जग घरात कोंडले, तेव्हा त्या विषाणूच्या अंगावरील काटे कसे हलतात हे शास्त्रज्ञांनी महासंगणकात पाहिले. त्या हिशेबात तीस कोटींहून अधिक अणू होते. रीत तीच : बल काढा, वेग काढा, जागा काढा, पुन्हा आरंभ करा. औषधाचा रेणू शरीरातील प्रथिनाला कोठे चिकटेल हे आज याच रीतीने तपासतात. ८६४ अणूंनी लावलेले रोप असे वाढले.

मुलींच्या पालकांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. रहमान ज्या वर्षी जन्मले त्याच १९२७ साली अमेरिकेत अरियाना रोझेनब्लूथ या बाई जन्मल्या. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवून त्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत गेल्या. १९५३ साली तेथे यादृच्छिक आकड्यांच्या साह्याने द्रवाचा हिशेब करण्याची जी प्रसिद्ध रीत निघाली, तिची गणकयंत्राला द्यावयाची आज्ञावली या बाईंनी लिहिली. तेथेच मेरी त्सिंगू या गणित शिकलेल्या तरुणीने फर्मी यांच्या एका गाजलेल्या गणिताची आज्ञावली लिहिली. कोणी गणितातून आले, कोणी पदार्थविज्ञानातून; ॲल्डर तर रसायनशास्त्राचे. या शास्त्राच्या दारावर जात, भाषा, स्त्री-पुरुष असा फलक नव्हता. दारावर एकच प्रश्न होता : तुमचा पाया पक्का आहे का?

तेव्हा पालकहो, मी असे म्हणत नाही की प्रत्येक मुलगा अनीसुर रहमान होईल. तसे होत नसते. गॅरेजचे काम हलके आहे असेही मी म्हणणार नाही. इमानाने मिळवलेली भाकरी कोठलीही मोठीच. माझे म्हणणे एवढेच की, जे मूल आपण होऊन गणिताची कोडी सोडवते, त्याची वही एवढ्या लवकर मिटू नका. त्या विद्येतून कोणती नोकरी निघेल हे आज ना तुम्हाला सांगता येईल, ना मला. कदाचित त्या नोकरीचे नावच अजून पडलेले नसेल. फीची अडचण असेल तर शाळेत येऊन बोला. शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येत नसेल तर आम्ही शिक्षक कशासाठी आहोत?

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हीही एक करा. पाठ केलेल्या गणिताला गणित म्हणू नका. उदाहरण चुकले तर उत्तर पाहण्याआधी पुन्हा एकदा करा. रहमान यांच्या यंत्राने तरी दुसरे काय केले? एकच हिशेब न कंटाळता, न चुकता, पुन्हा पुन्हा केला. फरक इतकाच की कोणता हिशेब करायचा हे यंत्राला ठाऊक नव्हते. ते रहमान यांना ठाऊक होते, कारण ते शिकले होते.

गेल्या महिन्यात तो मुलगा मला गॅरेजमध्ये भेटला. माझी मोटारसायकल त्यानेच दुरुस्त केली. पैसे घेईना. हात पुसून मला म्हणाला, सर, दहावीची पुस्तके अजून ठेवली आहेत. मी त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या अब्बांना ही ८६४ अणूंची हकिकत सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली. चहा पाजला. मग बराच वेळ गप्प बसून त्यांनी विचारले, अकरावीचे फॉर्म कधी निघतात?

मी तारीख सांगितली आहे. ते येतील अशी मला आशा आहे. न आले तर मी पुन्हा जाईन. तीन वर्षांपूर्वी ज्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, त्याला आता आहे.